कान्साई : समुद्रात उभारलेले विमानतळ

मोत्यांच्या व्यापारानिमित्त जपानमधील कोबे शहरात स्थायिक झालेली कुटुंबे आपल्या समाजाला अपरिचित नाहीत. तेथील कितानो भागात १९८५ पासून संगमरवरी जिनमंदिर उभे आहे. या मंडळींना, किंवा त्यांच्याकडे कामानिमित्त जाऊन आलेल्या कोणालाही, जपानच्या भूमीवर प्रथम पाऊल कोठे पडले असे विचारले, तर पुष्कळांचे उत्तर ‘कान्साई विमानतळावर’ असेच येईल. परंतु हे उत्तर काटेकोरपणे पाहिले तर पुरते खरे नाही. कान्साई विमानतळावर पाऊल पडते ते जपानच्या भूमीवर नव्हे. ते पडते ओसाकाच्या उपसागरात, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटर आत, माणसाने भराव घालून निर्माण केलेल्या बेटावर. आणि ते बेट आजही खचत आहे.

गेल्या वर्षी व्यापाराच्या कामाने कोबेला जाण्याचा योग आला. सोबत माझा भाचा होता. तो स्थापत्य अभियंता आहे. आमच्या घराण्यात तीन पिढ्या सिमेंट व लोखंडी सळईचा व्यापार. त्यामुळे अभियंत्यांशी आमचा संबंध बहुधा बिल आणि थकबाकी यांपुरताच. भाच्याने ही शाखा निवडली तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी ‘शेवटी कंत्राटदाराकडे नोकरीच ना?’ असा प्रश्न केला होता. विमान उतरू लागले तेव्हा खिडकीतून केवळ पाणी दिसत होते. ते इतके जवळ आले की शेजारच्या आसनावरील एक आजीबाई हात जोडून बसल्या. आणि अचानक पाण्याच्या काठावरची दगडी भिंत सर्रकन मागे गेली व चाके टेकली. “मामा, आपण आत्ता जिथे उतरलो तिथे १९८७ पूर्वी अठरा मीटर खोल पाणी होते,” भाचा म्हणाला.

समुद्रात विमानतळ बांधण्याची हौस जपानला नव्हती. ओसाकाचे जुने विमानतळ इतामी येथे आहे. शहर वाढत गेले, घरे विमानतळाच्या कुंपणाला भिडली आणि जेट विमानांच्या आवाजाने रहिवासी त्रस्त झाले. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, रात्रीच्या उड्डाणांवर बंधने आली. दाट वस्तीच्या त्या किनारपट्टीवर नवी मोकळी जमीन नव्हती. प्रथम कोबेजवळचा समुद्र सुचवण्यात आला होता, परंतु कोबेने त्यास नकार दिला. म्हणून उपसागराच्या आग्नेय भागात, सेन्शू किनाऱ्यासमोर जागा निश्चित झाली. (पुढे २००६ मध्ये त्याच कोबेने स्वतःचे वेगळे विमानतळ, तेही भरावाच्या बेटावरच, उभारले. नाकारलेला सौदा पुन्हा आठवणे हे केवळ व्यापाऱ्यांच्याच नशिबी असते असे नाही.)

आपण प्रवासी विमानतळ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर काचेची इमारत, सामानाचा फिरता पट्टा आणि दुकाने येतात. अभियंत्याच्या दृष्टीने हा विमानतळाचा सर्वांत लहान भाग. त्याचा विचार वाऱ्यापासून सुरू होतो. विमान शक्यतो वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते व उडते, म्हणून त्या ठिकाणी वर्षभर वारे कोणत्या दिशेने वाहतात याची नोंद घेऊन धावपट्टीची दिशा ठरते. धावपट्टीच्या टोकाशी रंगवलेला मोठा अंक म्हणजे तिची दिशाच; होकायंत्राच्या अंशांतील शेवटचे शून्य गाळून तो लिहितात. कान्साईच्या धावपट्ट्यांवर एका टोकाला ०६ आणि दुसऱ्या टोकाला २४ असे अंक आहेत, म्हणजे एकीकडून साठ अंशांची दिशा, दुसरीकडून दोनशे चाळीस. पहिली धावपट्टी ३५०० मीटर लांब, २००७ मध्ये सुरू झालेली दुसरी ४००० मीटर. धावपट्टी डोळ्यांना सपाट वाटली तरी ती मधोमध किंचित उंच असते, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना वाहून जाते. पृष्ठभागावर आडव्या बारीक खाचा पाडतात, त्याही पाण्यासाठीच. ओल्या पृष्ठभागावर चाके तरंगली तर ब्रेक निरुपयोगी ठरतात.

धावपट्टीला जोडणारे मार्ग म्हणजे टॅक्सीवे. त्यांपैकी काही मुद्दाम तिरके ठेवलेले असतात, कारण उतरलेल्या विमानाला वेग पुरता न मोडता बाहेर पडता यावे व मागच्या विमानाला जागा मोकळी व्हावी. आवारात विमाने उभी राहतात तो फरसबंद भाग म्हणजे एप्रन. धावत्या विमानापेक्षा उभे विमान जमिनीला अधिक छळते हे मला नवीन होते. तासन्‌तास एकाच जागी शेकडो टनांचा भार, त्यात सांडणारे इंधन. म्हणून अशा जागी बहुधा जाड काँक्रीट घालतात. भाच्याने हे सांगितले तेव्हा आमच्या गोदामात एकाच कोपऱ्यात वर्षानुवर्षे रचलेल्या सळईच्या गठ्ठ्यांखालची फरशी मला आठवली.

परंतु या सगळ्याच्या आधी प्रश्न येतो तो जमिनीचा, आणि कान्साईत तर जमीनच नव्हती.

ओसाका उपसागराच्या तळाशी सुमारे वीस मीटर जाडीचा मऊ चिखलाचा थर आहे. तो पाण्याने इतका भिजलेला की त्यावर भार ठेवला तर दाबलेल्या स्पंजाप्रमाणे पाणी बाहेर पडते आणि थर बसतो. फरक इतकाच की स्पंजातून पाणी क्षणात निघते, चिकणमातीतून निघण्यास वर्षे लागतात. हे बसणे किती होईल आणि किती काळ चालेल, याचे गणित कार्ल तेर्झाघी या अभियंत्याने १९२० च्या दशकात मांडले. त्या गणितातील एक गोष्ट व्यापाऱ्यालाही पटेल अशी आहे. पाण्याला बाहेर पडण्यासाठी जितके अंतर कापावे लागते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ लागतो. अंतर निम्मे केले तर वेळ चौथाईवर येतो. मग अंतर कमी करायचे कसे? चिखलात जागोजागी वाळूचे उभे खांब उतरवायचे. वाळूतून पाणी सहज वाहते, म्हणून चिखलातील पाणी वीस मीटर वर चढण्याऐवजी बाजूच्या वाळूच्या खांबापर्यंत एखाद-दुसरा मीटर सरकते आणि वाट धरते. पहिल्या बेटाखाली असे सुमारे दहा लाख वाळूचे खांब आहेत. दुसऱ्या बेटाखाली त्याहूनही अधिक.

नंतर दगड व काँक्रीटच्या ठोकळ्यांची समुद्रभिंत बांधून घेर पूर्ण केला, आणि आतील समुद्र भरण्यास प्रारंभ झाला. त्यासाठी भोवतालच्या प्रदेशातील डोंगर फोडले, माल बोटींनी आणला. पहिल्या बेटासाठी १८ कोटी घनमीटर दगडमाती लागली. भरावाची जाडी तीस मीटरांहून अधिक. ट्रकच्या भाषेत हा आकडा सांगण्याचा मी प्रयत्न केला, पण दहा घनमीटरचा ट्रक धरला तरी एक कोटी ऐंशी लाख खेपा होतात. तेव्हा तो नाद सोडून दिला.

वरचा मऊ थर अपेक्षेप्रमाणे लवकर बसला. अडचण त्याखाली होती. त्या थराखाली शेकडो मीटर खोलीपर्यंत अधिक जुन्या, अधिक घट्ट चिकणमातीचे व वाळूचे थर एकावर एक आहेत. तेथपर्यंत वाळूचे खांब पोहोचत नाहीत. पृथ्वीच्या इतिहासात त्या थरांवर इतका भार यापूर्वी कधी पडला नव्हता. माणसाने एक अख्खा डोंगर आणून ठेवल्यावर तेही सावकाश दबू लागले. खचणे आरंभीच्या अंदाजापेक्षा अधिक निघाले, खर्च वाढला, आणि विमानतळ सुरू झाल्यावर विमान उतरवण्याचे शुल्क जगातील महागड्या शुल्कांत गणले जाऊ लागले. ४ सप्टेंबर १९९४ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले त्या वर्षी बेट सुमारे अर्धा मीटर खचत होते. आता हा वेग वर्षाला सहा-सात सेंटिमीटरच्या घरात आला आहे. भराव सुरू झाल्यापासून आजवर पहिले बेट सरासरी साडेतेरा मीटरांच्या आसपास बसले आहे, दुसरे सतरा मीटरांहून अधिक.

हे आकडे मोबाईलवर फिरणाऱ्या चित्रफितींत ‘समुद्रात बुडणारे विमानतळ’ अशा मथळ्याखाली आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. त्या चित्रफितींत एक गोष्ट सांगितली जात नाही. साडेतेरा मीटरांपैकी बहुतांश खचणे बांधकाम चालू असतानाच झाले, ते धरूनच भराव जास्त उंच घातला होता. उद्घाटनानंतरचे खचणे साडेतीन मीटरांहून अधिक आहे. तेही थोडे नव्हे. पण आपल्या भाषेत सांगायचे तर हा घसारा आहे. यंत्र विकत घेतले त्या दिवसापासून त्याचा घसारा वहीत धरला जातो. तो धरला म्हणून पेढी बुडत नाही, धरला नाही तर मात्र एके दिवशी बुडते. कान्साईमध्ये ठरावीक ठिकाणी दरवर्षी बेटाची उंची मोजतात आणि आकडे जाहीर करतात. स्वतःच्या पायाखालची तूट जगासमोर दरसाल मांडणारी संस्था मला तरी दुसरी ठाऊक नाही. भाच्याला मी विचारले, “इतके उघड का सांगतात? प्रवासी घाबरणार नाहीत का?” तो म्हणाला, “मामा, आकडा लपवला तर दुरुस्तीला पैसे कोणाकडे मागायचे?”

खरा धोका खचण्यापेक्षा असमान खचण्याचा. संपूर्ण बेट सारख्याच प्रमाणात खाली गेले तर इमारतीला ते कळतही नाही. परंतु एक कोपरा जास्त आणि दुसरा कमी बसला, तर तुळया वाकतात, काचा तडकतात, दारे अडकतात. रेन्झो पियानो या इटालियन वास्तुशिल्पकाराने आखलेली येथील पहिली टर्मिनल इमारत सुमारे १.७ किलोमीटर लांब आहे. इतक्या लांबीत जमीन सर्वत्र सारखी बसणे शक्यच नाही. एरवी अभियंता काय करतो? खांब खाली खाली नेऊन खडकावर टेकवतो. येथे भक्कम तळ इतका खोल आहे की तो मार्ग बंद. म्हणून इमारतीच्या नऊशेच्या आसपास खांबांच्या तळाशी जॅकची सोय ठेवली. मोटारीचे चाक बदलताना आपण गाडी उचलतो तसा जॅक लावून खांब किंचित उचलतात, खाली पोलादी पट्ट्या सरकवतात, आणि खांब पुन्हा खाली टेकवतात. खांबांच्या उंचीतील फरक मोजला जातो, आणि तो मर्यादेबाहेर जाऊ लागला की त्या खांबाची पाळी येते. वर प्रवासी चहा पीत बसलेले असतात, खाली त्यांची इमारत मिलिमीटरांनी उचलली जात असते. लोखंडाच्या व्यापारात आयुष्य घालवूनही पोलादी पट्टीचा इतका नम्र उपयोग मी ऐकला नव्हता.

वरची बाजूही विचारपूर्वक केलेली आहे. मुख्य दालनाच्या छताला असलेला वळसा हवेच्या झोताच्या वाटेवरून आखलेला असल्याने मधे वाताकुलनाच्या नळ्यांची गर्दी नाही. हवा छताच्या आधाराने पलीकडच्या टोकापर्यंत जाते. दोन्ही बाजूंचे लांब पंख टोकाकडे उतरते होत गेले आहेत. मला ते केवळ शोभेचे वाटले होते. त्यामागे नियंत्रण मनोऱ्यातून उभ्या विमानांच्या शेपट्या दिसल्या पाहिजेत हा व्यवहार आहे. छताच्या रचनेत पीटर राइस या आयरिश अभियंत्याचा मोठा वाटा होता. इमारत पुरी होण्यापूर्वीच, १९९२ मध्ये, त्यांचे निधन झाले. इमारतींच्या इतिहासात वास्तुशिल्पकाराचे नाव दगडात कोरले जाते, अभियंत्याचे बहुधा नकाशाच्या कोपऱ्यात राहते.

या विमानतळाची पहिली परीक्षा फार लवकर झाली. उद्घाटनाला साडेचार महिने होतात न होतात तोच, १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे कोबेला भीषण भूकंपाने गाठले. सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, उंचावरून जाणारा महामार्ग आडवा झाला. केंद्रबिंदूपासून तीसेक किलोमीटरवर असलेल्या कान्साईच्या टर्मिनलच्या काचासुद्धा फुटल्या नाहीत. इमारतीला थोडे हलू देण्याची, सरकू देण्याची जी तजवीज होती ती येथे कामी आली. २००१ मध्ये अमेरिकन सिव्हिल इंजिनिअर्स सोसायटीने सहस्रकातील दहा स्थापत्य स्मारके निवडली, त्यांत पनामा कालवा आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग यांच्या पंक्तीत कान्साईला स्थान मिळाले.

दुसऱ्या परीक्षेत मात्र ते इतके सुखरूप सुटले नाही. ४ सप्टेंबर २०१८, उद्घाटनाला बरोबर चोवीस वर्षे झाली त्याच दिवशी, जेबी नावाचे चक्रीवादळ ओसाका उपसागरावर आले. लाटा समुद्रभिंतीवरून आत कोसळल्या. अभियंत्यांनी गृहीत धरलेल्या लाटांपेक्षा त्या मोठ्या होत्या, आणि बेट खचत असल्याने भिंतीची उंचीही घटत आलेली होती. पहिली धावपट्टी पाण्याखाली गेली. टर्मिनलच्या तळघरात पाणी शिरले आणि तेथील विद्युत यंत्रणा बंद पडली. त्याच वेळी नांगर तुटल्याप्रमाणे वाऱ्याने ओढत नेलेले एक तेलवाहू जहाज बेटाला किनाऱ्याशी जोडणाऱ्या ३.७५ किलोमीटरच्या पुलावर आदळले. वर रस्ता, खाली रेल्वे असा तो दुमजली पूल. बेटावर जाण्याचा जमिनीवरून तेवढाच मार्ग. प्रवासी व कर्मचारी मिळून सुमारे आठ हजार माणसे रात्रभर अंधारात अडकली. दुसऱ्या दिवशी बोटींनी आणि पुलाच्या शाबूत बाजूने बसगाड्यांनी त्यांना बाहेर काढण्यास सुरुवात झाली.

येथे मला स्पष्ट बोलावेसे वाटते. खांबाखाली पोलादी पट्टी सरकवण्याइतका सूक्ष्म विचार करणाऱ्यांनी विद्युत यंत्रणा तळघरात, तीही समुद्रातील बेटावर, ठेवावी हे कोड्यात टाकणारे आहे. बाजारपेठेत पावसाळ्यात गटार तुंबते हे ठाऊक असणारा कोणताही दुकानदार साखरेची पोती फळीवर चढवतो. जमिनीच्या खाली जाण्याचा हिशोब त्यांनी चोख ठेवला होता. पाणी वर येण्याचा हिशोब मात्र कच्चा राहिला. त्यानंतर जे घडले तेही तितकेच नोंदण्यासारखे आहे. दुसऱ्या बेटाला तुलनेने कमी झळ पोहोचली होती, म्हणून तिसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबरला, तेथून काही उड्डाणे सुरू झाली. १८ सप्टेंबरला पुलावरची रेल्वे धावली. महाकाय तरत्या क्रेनने पुलाचा मोडका भाग उचलून नेला व नवा बसवला. पुढील काही वर्षांत समुद्रभिंती उंच केल्या, धावपट्टीचा पृष्ठभागही वर उचलून घेतला, आणि विद्युत यंत्रणा तळघरातून वर आणली.

हे वाचताना महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात आपल्या दारचे उदाहरण आल्यावाचून राहणार नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. पनवेल-उलवे परिसरातील ११६० हेक्टर जागा, तीही खाडीकाठची, सखल आणि दलदलीची. उलवे टेकडी फोडून सपाट केली, तिचाच दगड भरावात वापरला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावांतील कुटुंबांना आपली घरे सोडून अन्यत्र जावे लागले. पहिल्या धावपट्टीची लांबी ३७०० मीटर. कान्साईसारखी अठरा मीटर खोल समुद्राची अडचण येथे नाही, परंतु खाडीचा चिखल आणि मुसळधार पाऊस या दोन्हींशी गाठ आहे. जपानला टायफून, आपल्याला भरतीच्या वेळी कोसळणारा जुलैचा पाऊस. तेथून प्रवास करताना आपण तिकीट, लाउंज आणि वाहनतळाच्या दराची चौकशी करतो. वळवलेली नदी भर पावसात भरतीला कशी सामोरी जाते, हे पाहण्याचे काम कोणा अभियंत्यावर सोपवलेले असते. आमच्या व्यवसायातील मंडळींनी तरी, तेथे गेलेल्या सिमेंटचे आणि सळईचे केवळ भाव न विचारता, तो माल कोणत्या मातीवर उभा राहिला याची चौकशी करावी असे मला वाटते. घरातील वडीलधाऱ्यांना मी परतल्यावर हे सारे सांगितले. ‘कंत्राटदाराकडची नोकरी’ हा शब्द त्यानंतर निदान माझ्यासमोर उच्चारला गेलेला नाही.

कान्साईला जाणाऱ्यांसाठी थोडी व्यवहारी माहिती. तेथून कोबेला जाण्यास बस आहे, तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो. परंतु समुद्र शांत असेल तर वेगवान बोट घ्यावी. ती अर्ध्या तासात कोबे विमानतळाच्या धक्क्याला लावते, म्हणजे एका कृत्रिम बेटावरून निघून दुसऱ्या कृत्रिम बेटावर. सामानाच्या बाबतीत कान्साईची ख्याती मोठी आहे. २०२४ मध्ये सामान-वितरणासाठी जगातील उत्कृष्ट विमानतळ म्हणून त्याचा गौरव झाला. नमुन्यांच्या पेट्या घेऊन फिरणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांना याचे मोल सांगणे नको. परतीच्या दिवशी दोन-तीन तास हाताशी असतील तर टर्मिनलपासून बसने ‘स्काय व्ह्यू’ या निरीक्षण-इमारतीत जावे. गच्चीवरून धावपट्टी, विमाने आणि त्यामागे समुद्र एकाच नजरेत येतात. मुलांना सोबत न्यावे, आणि ओहोटीची वेळ साधता आली तर उत्तम, कारण त्या वेळी समुद्रभिंतीचा पाण्याबाहेर आलेला भाग अधिक दिसतो व पाण्याची जुनी पातळी दगडांवरच्या काळसर पट्ट्यावरून ओळखता येते.